चिंचेखालची कळलावी

भांडण कसं लागतं हे मला फार लवकर समजलं, कारण आमच्या घरातलं पहिलं मोठं भांडण मीच लावलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वाईट बुद्धीनं लावलं असं नव्हतं. आता या वयात खोटं कशाला बोलू. मला फक्त पाहायचं होतं. एकाच्या तोंडचं वाक्य उचलून दुसऱ्यापुढे नेऊन ठेवलं की त्या दुसऱ्याचं तोंड कसं होतं, याची मला भारी उत्सुकता होती. मांजराच्या पिल्लापुढे सुतळी हलवून पाहावी तशी मी घरातल्या मोठ्या माणसांपुढे वाक्यं हलवून पाहत असे. पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा मुलांना सांगायची की प्रयोग करताना आधी त्याचं काय होऊ शकतं याचा विचार करावा. हे मी कुठे शिकले ते मात्र कधी सांगितलं नाही.

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडे, जिथे कपाशीची आणि तुरीची शेतं संपतात आणि सागाचं जंगल सुरू होतं तिथे. घर एकच, लांबट, कवेलूचं. मधोमध भिंत, एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला काका-काकू. चुली दोन होत्या, पण मागची वाडी एकच. वाडीत एक थोराड चिंच. तिच्या सावलीत दुपारीसुद्धा संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात तिच्यावर बगळे वस्तीला येत आणि त्यांच्या कलकलाटात बाबांना रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत नसत. चिंचेखाली काही उगवत नाही असं सगळं गाव म्हणे, आणि आमच्याकडे खरंच काही उगवत नव्हतं. आईनं वांगी लावून पाहिली, काकूनं मिरच्या लावल्या, दोघींची रोपं उंच, पांढुरकी होऊन माना टाकत. मग ती जागा सरपणाला गेली. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या तिथे रचलेल्या असत आणि चुलीत घातल्या की त्यांचा तडतड आवाज दोन्ही स्वयंपाकघरांतून एकदमच येई.

काकू बोरी अरबच्या बाजूची, काळ्याभोर सपाट जमिनीतली. तिचा हात सढळ. तिच्या पाटोडीच्या रश्श्यावर तेलाचा तवंग असा की खाली पाटोडी आहे की नाही ते चमच्यानं शोधावं लागे. आई जंगलातल्या खेड्यातली, गरिबीत वाढलेली. तिची आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर मला आजही कुठल्या हॉटेलात मिळालेली नाही, पण तेल ती थेंबानं वापरायची. आईला ती मोठ्याबाई म्हणे. एके दिवशी काकू सुपात तुरीची डाळ निवडता निवडता हसत म्हणाली, "मोठ्याबाईच्या माहेरी तेलाचं बोट कढईले पुसतात अन् म्हणतात, झाली फोडणी." मी धावत जाऊन ते आईला सांगितलं, बोट पुसण्याच्या खुणेसकट. आई चुलीपुढे होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाली, "कूस रिकामी असली का तोंड भरलं राहते मानसाचं."

याचा अर्थ मला कळला नव्हता. काकूच्या लग्नाला सात वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं हे माहीत होतं, पण कूस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. वाक्य मात्र छान वाटलं, रिकामं आणि भरलं असं जुळवलेलं. मी ते जसंच्या तसं काकूकडे नेलं. काकूचा सुपावरचा हात थांबला.  डाळीचे दाणे सुपात एका बाजूला घसरत गेले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते तोंड मला पाहायचं नव्हतं. मला इतकी भीती वाटली की मी चिंचेमागे जाऊन बसले आणि जेवायलाही आले नाही.

त्या आठवड्यात वाडीच्या मधोमध पऱ्हाट्यांचं कुंपण उभं राहिलं. आई आणि काकू बोलेनाशा झाल्या, आणि काकूनं मला नाव ठेवलं. "हे पोरगी नाई, कयलावी हाय. इकडची कय तिकडं लावते." आमच्याकडे बोलण्यात ळ चा य होतो, त्यामुळे पुष्कळ दिवस मला वाटे की आपलं नाव खरंच कयलावी असं आहे. शाळेतल्या गुरुजींनी पहिल्यांदा सांगितलं की त्यात ळ आहे, कळलावी, भांडणं लावणारी. मी घरी आल्यावर काकूला कुंपणावरून ओरडून सांगितलं की तू चुकीचं म्हणतेस. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे नाव मला दोन वर्षं चिकटून होतं. तेव्हा आमच्याकडे निंदणाला जंगलातल्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक म्हातारी येत असे, लच्मामाय. ती दोन्ही घरांची कामं करायची आणि दोन्ही घरांशी बोलायची. एकदा काकूनं पलीकडून मला त्या नावानं हाक मारली तेव्हा लच्मामाय विळा खाली ठेवून हसायला लागली. "कयलावी? ते तं आमच्या जंगलात राहते. भल्ली सुंदर राहते."

मी थक्क झाले. माझ्या नावाची एक वस्तू जंगलात राहते! "कशी राहते? चावते काय?"

"झाड हाय वो बाई ते. पाहाची हाय काय तुले?"

पाहायची होतीच. श्रावण होता. सागाची पानं सुपाएवढी झाली होती, पायाखाली मागच्या वर्षीच्या पानांचा कुजका थर मऊ लागत होता. लच्मामाय एका ओढ्याच्या कडेला थांबली आणि तिनं विळ्याच्या टोकानं दाखवलं. एक नाजूक वेल एका झुडपाला धरून वर चढली होती. धरून म्हणजे खरंच धरून: प्रत्येक पानाचं टोक दोऱ्यासारखं बारीक होऊन झुडपाच्या काडीला वेढा घालून बसलं होतं. आणि फुलं. त्यांची मान खाली आणि पाकळ्या मात्र वर वळलेल्या, कडा लाटालाटांच्या, मुळाशी पिवळ्या आणि टोकाशी लाल. मी त्या फुलाखाली बसून वर पाहिलं, मग उभं राहून खाली पाहिलं. कुठून पाहिलं म्हणजे ते सरळ दिसेल तेच कळेना. "ह्याले कयलावी काहून म्हणतात?" मी विचारलं. "हे कोणाचं भांडण लावते?"

लच्मामाय म्हणाली, "भांडनाची कय नाई हे. बायकाईले बायतपनात कय येते, ते कय. याच्या गड्ड्यानं कय येते म्हणत जुन्या बाया." मग तिनं तिच्या बोलीतलं त्याचं नाव सांगितलं. मी ते तीनदा म्हणून घेतलं आणि ओढा ओलांडेपर्यंत विसरले. आज लच्मामाय नाही. ते नाव विचारायला त्या पोडावर जायचं म्हणून मी किती वर्षं म्हणत आले, आणि गेले नाही. याची लाज वाटते.

तर एका शब्दात दोन कळा होत्या, हे मला नवीनच समजलं. मला ती वेल आमच्या वाडीत हवी होती. लच्मामाय म्हणाली की आता नाही. ही पावसाळाभर वर राहते, मग वाळते, मग सहा-सात महिने जमिनीत झोपते. वाळली की तिचा गड्डा, म्हणजे कंद, काढू. हिवाळ्यात कापूस वेचणी चालू असताना तिनं तो पदरात बांधून आणला. मला वाटलं होतं रताळ्यासारखा असेल. निघाला नांगरासारखा: दोन फाटे, काटकोनात वळलेले, गुळगुळीत. "याचा जीव दोन्ही टोकाले असते, मधात नाई," ती म्हणाली. "टोक मोडलं का मेलं. आडवा ठेवजो. अन् हात राखेनं धूऽन घे. विख हाय हे, तोंडात घालशीन तं मरशीन." हे ऐकून माझी उत्सुकता वाढलीच. पण मी हात धुतले.

कुठे लावायचं ते मी आधीच ठरवलं होतं. चिंचेखाली, कुंपणाला लागून. लच्मामायनं जागा पाहून मान डोलावली. जंगलात ही सावलीतच राहते म्हणाली. मी जंगलातून दोन टोपल्या पानांची कुजकी माती आणली, ओढ्यातली वाळू मिसळली, वीतभर खोल गड्डा आडवा ठेवला आणि वर मातीचा हात फिरवला. पाणी घालायचं नाही असं तिनं बजावलं होतं. न्हाणीचं पाणी तिकडे जायचं ते मी मातीची पाळ करून वळवलं. आणि मग थांबणं सुरू झालं. लहान मुलाला थांबायला लावणं ही शिक्षाच. संक्रांत गेली, शिवरात्र गेली. होळीला मला राहवेना, जिवंत आहे की नाही ते पाहू म्हणून मी बोटांनी माती उकरली. एक फाटा कट्कन मोडला. मी त्याला परत जोडून वर माती लोटली आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही. शेवटी लच्मामायला सांगितलं. ती रागावली नाही. "दोन डोये होते, एक तू फोडला. आता एकानं पाहीन ते."

आज माझ्याकडे यवतमाळात घरामागे दीड हात रुंदीची एक पट्टी आहे, शेजारच्या तीन मजली इमारतीच्या सावलीत. तिथे कळलावी आहे, भुईचाफा आहे, रानहळद आहे. शेजारची मुलगी मोबाईलनं फोटो काढते आणि क्षणात नाव सांगते, कोणतं विष आहे तेही सांगते. तिला मी म्हणते, सगळं खरं, पण हिवाळ्यात ही पट्टी रिकामी दिसते तेव्हा तुझा मोबाईल काय सांगतो? ती हसते. सावलीतली ही झाडं लावायची तर रिकाम्या मातीवर विश्वास ठेवायची सवय लागते. मला ती सवय लागायला एक फाटा मोडावा लागला. बाकी कळलावीला फार काही करावं लागत नाही, फक्त गड्ड्याला हातमोज्याशिवाय हात लावू नये आणि घरात लहान पोरं असली तर लावूच नये. मी लावली तेव्हा आमच्या घरात लहान पोर मीच होते.

तर पावसाळा आला. मातीतून एक पोपटी टोक वर आलं, एकच. वेल कुंपणाच्या पऱ्हाट्यांना पानांच्या टोकांनी धरत चढू लागली. आईनं ती पाहिली आणि लगेच ओळखली. जंगलातल्याच गावची ती. मला वाटलं उपटेल. पण ती फक्त म्हणाली, "गड्ड्याले हात लावशीन तं हात मोडीन." आईनं ती का राहू दिली, हे कोडं मला पुढे बरीच वर्षं होतं. तिच्या मनात काकूबद्दल काही होतं का? मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तर म्हणाली, "फूल चांगलं होतं." मला वाटतं ते खरं असावं. आईच्या आयुष्यात चांगलं म्हणून ठेवावं असं त्या वाडीत दुसरं काही नव्हतं.

आणि त्याच पावसाळ्यात कुंपणापलीकडे नवल घडलं होतं. नऊ वर्षांनी काकूला दिवस गेले होते. काकू हळू चालायची, विहिरीवर जायची नाही, उंबरठा ओलांडताना चौकटीला धरायची. तिची आई वारलेली. भावजयीच्या राज्यात बाळंतपणाला जायचं नाही, इथेच व्हायचं असं तिनं ठरवलं होतं. हे सगळं मला लच्मामायकडून कळे, कारण दोन्ही घरांमध्ये अजून बोलणं नव्हतं. आई कधी कधी कुंपणाच्या फटीतून पलीकडे पाहत उभी राही आणि मी आले की काहीतरी वाळत घालायचं आहे असं दाखवी.

फुलांच्या नोंदींची माझी वही तेव्हाची. फूल पहिल्या दिवशी पोपटी, मग मुळाशी पिवळं, मग कडा लाल, मग सगळंच लाल. एका फुलाला आठवडा लागतो. मी रोज शाळेत जाण्यापूर्वी लिहायची. एक गोष्ट मी लिहिली नाही, कारण ती माझ्या लक्षात आली नाही: वेलीला उजेड हवा होता, आणि उजेड काकूच्या बाजूला होता. कळ्या आमच्या बाजूनं आल्या आणि फुलं तिच्या बाजूला उमलली.

काकूला ती आवडली. तिच्या काळ्या मातीत असलं फूल कधी नव्हतं. तिनं एक तोडून केसात खोवलं आणि दारात बसून लच्मामायला विचारलं, "या फुलाचं नाव काय वो?"

लच्मामायनं नाव सांगितलं. काकूला आधी वाटलं, माझ्या नावाचीच थट्टा चालली आहे; मग लच्मामायनं त्याच्या गड्ड्यानं कळा येतात तेही सांगितलं.

मी कुंपणाच्या अलीकडे उभी होते. काकूनं केसातलं फूल ओढून काढलं तेव्हा केसही ओढले गेले. मग ती कुंपणाशी आली. दोन वर्षांनी आईला उद्देशून तिचं पहिलं वाक्य होतं, "मोठ्याबाई, मले लेकरू होऊ देत नाई काय तुम्ही?"

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला आधी समजलंच नाही. मग वेलीकडे पाहिलं, काकूच्या पोटाकडे पाहिलं, आणि तिचं तोंड पांढरं पडलं. आता मला पळून जावंसं वाटत होतं, चिंचेमागे. पण काकू आईकडे असं बघत होती की मी मध्ये उभी राहिले नसते तर पुढच्या दहा पिढ्या ते कुंपण राहिलं असतं. "मी लावली," मी म्हणाले. "मायनं नाई लावली. मी आणली जंगलातून."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. "घ्या. कयलावीनं कयलावी लावली." एरवी मला त्यावर हसू आलं असतं. काकूच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं आणि तिचा एक हात पोटावर होता, कोणी काढून नेईल असा घट्ट धरलेला.

आईनं कोपऱ्यातली कुदळ उचलली.  मला वेलीचं वाईट वाटलं आणि वेलीचं वाईट वाटतंय याचंही वाटलं. पण लच्मामाय कुदळीपुढे उभी राहिली. "ते काम करू नका, बाई. पोटुशी बाई घरात असतांनी तो गड्डा वर काढत नाईत. भुईत हाय तोवर ते नुसतं झाड हाय. वर आला का औषध होते."

"मंग वेल काप," काकू म्हणाली.

"कापली का जोर गड्ड्यात जाते."

आता काय करावं? उपटता येत नाही, कापता येत नाही, ठेवता येत नाही. आम्ही चौघी त्या वेलीपुढे उभ्या होतो आणि ती मजेत डुलत होती. खरंखोटं काय ते मला आज माहीत आहे. नुसती वेल बघून कोणाला कळा येत नाहीत. पण त्या सकाळी कोणी मला ते शपथेवर सांगितलं असतं तरी त्यावर काकूचं पोट मी पणाला लावलं नसतं. काकूची न्हाणी चिंचेखाली, तिचं मागचं दार चिंचेकडे. दिवसातून दहा वेळा तिला तिथूनच जावं लागणार.

आईनं कुदळ खाली ठेवली. तिनं कुंपणाकडे न बघता, हातावरचं पीठ चोळत म्हटलं, "कमल, तू आमच्या पुढच्या खोलीत ये राहाले. मांगं येऊच नको. तुह्यं पानी मी समोर आनून देत जाईन."

 संध्याकाळी काका तिची गादी घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य होतं, जणू शेतातून घरी येईपर्यंत जग बदललं होतं.

पुढे बाबांनी बांबूच्या तट्ट्याची न्हाणी घरासमोर उभी केली, आणि आई रोज सकाळी मागच्या चुलाण्यावर तापवलेलं पाणी दोन बादल्यांतून घरातून पुढे नेई. बोलणं मात्र लगेच सुरू झालं नाही. एका खोलीत, एका पंगतीला जेवायला बसायच्या आणि मधे मी. "इंदे, तुह्या काकूले विचार, मीठ बरोबर हाय काय." "इंदे, तुह्या मायले सांग, बरोबर हाय, तेल थोडं जास्त झालं." आई काकूसाठी तेल जास्त घालत होती, आणि काकूला ते आता सोसत नव्हतं! मी इकडचं तिकडे नेत होते, पण आता नेण्याआधी प्रत्येक वाक्य तोंडात घोळवून पाहायची. मिठाच्या पुढे काही नेलं नाही. एक दिवस मी शाळेतून आले तर दोघी मुगाच्या वड्या घालत बसल्या होत्या आणि माझ्याशिवाय बोलत होत्या. मला जरा उदासच वाटलं. माझं काम गेलं.

दिवाळी झाली. कळलावी वाळली, आधी पानं, मग देठ, मग एक पिवळी काडी कुंपणाला लटकत राहिली. काकूचे दिवस भरले. मग भरून वर चार दिवस गेले, मग आठ. तिचे पाय सुजले, अंगठी निघेना. काका रोज मुकुटबनच्या दवाखान्याचं नाव काढायचे आणि ती म्हणायची, उद्या. एका दुपारी ती उठली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मागच्या दारानं वाडीत गेली. आम्ही मागे धावलो. ती चिंचेखाली कमरेवर हात ठेवून उभी होती. "कुठं हाय ते?" तिनं मला विचारलं. मी वाळकी काडी दाखवली. काकू त्या काडीवर ओरडली, "तवा नको होतं तं फुलून राह्यली होती. आता पाहिजे तं झोपली काय? ऊठ नं वं!"

आई इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. काकूही हसायला लागली, पोट धरून, आणि मग हसता हसता रडायला लागली. "मोठ्याबाई, गड्डा काढा. उगाळून पायाले लावा. भेव वाटून राह्यलं मले."

आईचं हसू तिथेच थांबलं. "विख हाय ते. माह्या मायच्या गावात त्यानं बाई गेलेली पाह्यली मी." ती उठली आणि काकांना गाडी जुंपायला सांगितलं. मी रडून रडून गाडीत जागा मिळवली. आई काकूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला बैलांना शिव्या देत होती.

मुलगी झाली, मुकुटबनच्या दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी. मला आत जाऊ दिलं तेव्हा आई धुणं धुवायला नळावर गेली होती. काकू पलंगावर उताणी पडली होती, बाजूला ते लालभडक, सुरकुतलेलं. मी आधी त्याची बोटं मोजली. मग इतके महिने मनात होतं ते विचारलं. "काकू, कय कशी राहते?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, तुझी वेळ आली की समजेल. काकू वर कवेलूंकडे पाहत विचार करत राहिली. "पयले वाटते, कोनी कमरेले दोर बांधून वढून राह्यलं. मंग सोडते. सोडलं का वाटते, झालं, आता नाई येत. अन् मंग पुन्हा येते, आंधीच्यापेक्षा मोठी."

"मंग?"

"मंग मानूस मायले हाका मारते. बाजूची बाई मारून राह्यली होती." तिनं पोरीच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं. "माही माय जाऊन किती वर्षं झाले. माह्या तोंडातून 'मोठ्याबाई' निंगालं. मोठ्यानं. एक डाव नाई, लय डाव." मग तिनं माझ्याकडे मान वळवली. एवढी मोठी बाई माझ्याकडून काही जाणून घ्यायला अशी बघते, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदा होत होतं. "दार लावलेलं होतं. आयकू गेल्या असतीन काय वं तिले?"

बाहेरच्या बाकावर आईच्या शेजारी मीच बसले होते.

"गेल्या," मी म्हणाले. "दर हाकेले उठून दाराले हात लावे, अन् म्हणे, हाव वं कमल, हाय मी. हाय मी."